वाटेत फुटलेला माल आणि पावतीवरची कोरी जागा

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच दुखण्याची आहेत. माल चांगला निघाला, पोहोचला तेव्हा मोडलेला, कुजलेला किंवा तडकलेला होता, आणि आता प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कुणाचे वाद्य आहे, कुणाची आंब्याची पेटी, कुणाच्या घरातले कपाट. वाहतुकीचे साधन बदलले की कायदा बदलतो, म्हणून सर्वांना एकच उत्तर देता येत नाही. तरी सहाही पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली, की नुकसान वाटेत झाले असले तरी भरपाईचा आकडा बहुतेक वेळा माल सोपवतानाच, पावतीवरच्या एका रकान्यात ठरून गेलेला असतो.

प्रश्न : मी मिरजेत तंतुवाद्ये तयार करतो. इंदूरच्या एका विद्यार्थिनीसाठी केलेला ४८,००० रुपयांचा तानपुरा मी कुरिअरने पाठवला. भाडे १,४५० रुपये पडले. पावतीवरील किमतीचा रकाना कोराच राहिला आणि मी खाली सही केली. खोके पोहोचल्यावर तिच्या वडिलांनी कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर सही केली, तीत माल सुस्थितीत मिळाल्याचे वाक्य होते हे नंतर कळले. दुसऱ्या दिवशी खोके उघडले तर भोपळा तबलीच्या, म्हणजे त्यावरच्या लाकडी झाकणाच्या, सांध्यापासून तडकलेला होता. त्याच दिवशी छायाचित्रे ईमेलने पाठवली. कंपनी म्हणते की पॅकिंग अपुरे होते आणि पावतीप्रमाणे आमची जबाबदारी फक्त १०० रुपयांची आहे. निम्मी रक्कम विद्यार्थिनीकडून येणे बाकी आहे. नुकसान कोणी सोसायचे? (एक वाद्यनिर्माते, मिरज)

उत्तर : तानपुरा रस्त्याने गेला असे धरून उत्तर देतो, विमानाने गेला असेल तर नियम वेगळे आहेत. रस्त्यावरच्या मालवाहतुकीला पूर्वी १८६५ चा कॅरिअर्स कायदा लागू असे. त्याच्या जागी रस्तामार्गे मालवाहतुकीचा २००७ चा अधिनियम आला आणि तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. या कायद्यातील ‘सार्वजनिक वाहतूकदार’ या संज्ञेत केवळ ट्रकमालक येत नाही. माल बुक करणारी कंपनी, ठेकेदार, एजंट, दलाल आणि घरपोच सेवा देणारी कुरिअर संस्था हे सर्व तीत स्पष्टपणे समाविष्ट आहेत. त्यामुळे आपली कुरिअर कंपनी या कायद्याच्या कक्षेत आहे, याविषयी शंका नको.

आधी आपल्या बाजूचे. नुकसानभरपाईच्या दाव्यात वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे माल पाठवणाऱ्यावर नाही, असे कलम १२ सांगते. हे तत्त्व १८६५ च्या कायद्यातही होते आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे : वाटेत खोके कुठे आपटले, कोणत्या गोदामात त्यावर दुसरे ओझे रचले गेले, हे मिरजेत बसलेल्या माणसाला कळण्याचा मार्गच नसतो. आपण एवढेच दाखवायचे, की तानपुरा धड सोपवला होता आणि तो फुटलेला मिळाला. त्यानंतर सुटकेचा मार्ग शोधणे हे कंपनीचे काम, आणि कलम १७ मध्ये असे मार्ग मोजकेच आहेत : दैवी आपत्ती, युद्ध किंवा शत्रूचे कृत्य, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी बंदी अथवा निर्बंध. यांपैकी एखादे कारण असले तरी, योग्य काळजी घेऊन नुकसान टाळता आले असते, तर वाहतूकदार सुटत नाही.

‘अपुरे पॅकिंग’ हे शब्द त्या यादीत नाहीत. तरीही पाठवणाऱ्याच्याच चुकीचे नुकसान दुसऱ्यावर लादता येत नाही, हा युक्तिवाद कंपनीचे वकील करणार, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. त्यावर आपले उत्तर असे असले पाहिजे की कंपनीने खोके कोणताही शेरा न मारता स्वीकारले, आणि ते कसे बांधले होते याची छायाचित्रे आपल्याकडे आहेत. पत्रात आपण अशा छायाचित्रांचा उल्लेख केलेला नाही. नसतील तर त्याच पद्धतीने बांधून यापूर्वी सुखरूप पोहोचलेल्या वाद्यांच्या पावत्या गोळा करून ठेवा. मोबाइलवरील सहीनेही दावा संपत नाही. बंद खोक्यावर केलेली सही आतल्या भोपळ्याविषयी फारसे सांगत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी गेलेला ईमेल हा तिला खोडून काढणारा चांगला पुरावा आहे.

आता कठीण भाग. कलम १० आणि त्याखालील २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, आणि तीही पाठवणाऱ्याने जाहीर केलेल्या किमतीहून अधिक नसते. आपल्या प्रकरणात ही दहापट १४,५०० रुपये होते. तानपुऱ्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाहूनही हे कमी आहे. ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग कलम ११ मध्ये आहे : किंमत जाहीर करायची आणि वाहतूकदाराने ठेवलेला जास्त जोखमीचा दर भरायचा. असा दर आकारायचा असेल तर वाहतूकदाराने तो आपल्या कार्यालयात इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, छापून लावणे बंधनकारक आहे. असा फलक आपल्या बुकिंग केंद्रात आहे का ते जाऊन पाहा आणि नसेल तर छायाचित्र घ्या. एखादा पर्याय ग्राहकापुढे मांडलाच गेला नाही, तर तो त्याने निवडला नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही, हा मुद्दा सुनावणीत ठामपणे मांडण्याजोगा आहे.

पावतीवरील १०० रुपयांच्या अटीचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात, पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावरील १०० डॉलरची मर्यादा मान्य केली होती, आणि प्रत्येक कुरिअर कंपनी हा निकाल पुढे करते. पण ते परदेशी पाठवणीचे प्रकरण होते आणि २००७ च्या कायद्याच्या आधीचे होते. संसदेने मर्यादा ठरवून दिल्यानंतर छापील अटीने त्याहून खाली जाता येणार नाही, असे माझे मत आहे. सही नसलेल्या आणि ग्राहकाला न समजावलेल्या बारीक अक्षरांतील अटी राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही काही प्रकरणांत बंधनकारक मानलेल्या नाहीत. आपली मात्र सही आहे, हे विसरून चालणार नाही.

तक्रार कोणी करावी, याचा विचार आपल्या पत्रात नाही आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला दिलेली सवलत त्या कायद्याच्या स्पष्टीकरणात शब्दशः ‘माल’ विकत घेण्यापुरती आहे, सेवेचा उल्लेख तिथे नाही, त्यामुळे आपल्या तक्रारीवर हरकत हमखास येणार. ती विद्यार्थिनी मात्र निःसंशय ग्राहक आहे. सेवा दुसऱ्याने घेतली असली तरी जिच्यासाठी ती घेतली तिला तक्रार करता येते, आणि राहत्या ठिकाणच्या, म्हणजे इंदूरच्या, जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोघांनी मिळून तक्रार केली तर उत्तम. त्याआधी एक काम आहे, आणि ते राहिले तर बाकी सारे व्यर्थ जाईल : बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस पोहोचली पाहिजे. अशा नोटिशीशिवाय कोणतीही कायदेशीर कारवाई सुरू करता येत नाही, असे २००७ च्या कायद्याचे कलम १६ म्हणते. आपला ईमेल नोटीस ठरेलही. पण त्यावर विसंबू नका, पोहोच मिळेल अशा टपालाने रीतसर पत्र पाठवा.

राहिलेल्या निम्म्या रकमेविषयी. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे वाहतूकदाराकडे माल दिला की तो खरेदीदाराला दिल्यासारखा मानला जातो. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की मालाचे स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहतूकदाराशी वाजवी करार केला पाहिजे. त्याने तो केला नाही आणि माल खराब झाला, तर खरेदीदार ती सोपवणूक नाकारू शकतो. तानपुऱ्याच्या भोपळ्याइतकी ठिसूळ वस्तू किंमत न लिहिता पाठवणे हा वाजवी करार म्हणता येणार नाही. मुलीकडे उरलेले पैसे मागू नका, असाच माझा सल्ला आहे. भोपळा जोडून किंवा बदलून देण्याचा खर्च हा आपल्या दाव्याचा भाग होऊ शकतो.

प्रश्न : काचेची शेगडी ऑनलाइन मागवली, काच फुटलेली निघाली. विक्रेता म्हणतो की कुरिअरची चूक आहे, कुरिअरकडे जा. शिवाय खोके उघडतानाचा व्हिडिओ नसल्याने तक्रार घेता येणार नाही, असेही सांगतात. (एक गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : कुरिअर विक्रेत्याने निवडला, त्याला पैसे विक्रेत्याने दिले; आपला करार विक्रेत्याशी आहे. ई-कॉमर्सविषयी २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोहोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे, असेही या नियमांत आहे. व्हिडिओची अट कोणत्याही कायद्यात नाही. व्हिडिओ हा पुरावा आहे, हक्काची पूर्वअट नव्हे. फुटलेली काच, खोक्यावरील चिठ्ठी आणि तक्रारीची वेळ यांवरूनही तीच गोष्ट सिद्ध होते. ‘२४ तासांत कळवा’ या अटीने आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदत कमी होत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अशी प्रकरणे बऱ्याचदा तिथेच मिटतात.

प्रश्न : बदलीमुळे नाशिकहून हैदराबादला घर हलवले. पॅकर्स-मूव्हर्स कंपनीने ३८,००० रुपये भाडे आणि तीन लाखांच्या सामानावर ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून ३ टक्के, म्हणजे ९,००० रुपये, घेतले. टीव्हीचा पडदा फुटला, आजोबांच्या सागवानी कपाटाचा एक पाय मोडला, भांड्यांच्या दोन खोक्यांत पाणी शिरले. एकूण नुकसान सुमारे १,१०,००० रुपयांचे आहे. आता कंपनी म्हणते की ट्रक आमचा नव्हता, पावतीवर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापले आहे आणि वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात चालेल. विम्याची पॉलिसी मागितली तर टाळतात. (एक बँक कर्मचारी, हैदराबाद)

उत्तर : कंपनीच्या तीन सबबींपैकी एकही टिकण्यासारखी नाही. ट्रक कुणाचाही असो, माल बुक करून घेणारी कंपनी आणि दलाल हेही कायद्याने वाहतूकदारच आहेत, हे वर सांगितले आहे.

‘मालकाच्या जोखमीवर’ या शिक्क्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या निकालात स्पष्ट केले आहे, की अशा अटीमुळे वाहतूकदार स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. न्यायालयाच्या अटीबाबतही एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. तामिळनाडूतून दिल्लीला निघालेले वेलदोडे गोदामातील आगीत नष्ट झाले. पावतीवर मुंबईच्याच न्यायालयाची अट होती, कारण कंपनीचे मुख्यालय मुंबईत होते. जिथे माल सोपवला तिथे कंपनीची शाखा असेल आणि वादाचे कारणही तिथेच घडले असेल, तर मुख्यालयाच्या न्यायालयाला मुळात अधिकारच नसतो, आणि नसलेला अधिकार पक्षकारांच्या कराराने निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी या प्रकरणात १९९१ साली ठरवले. आपल्याला त्या वादात शिरण्याचीही गरज नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार राहत्या ठिकाणी करता येते, हैदराबाद चालेल.

आपण सामानाची किंमत लिहिली होती, आणि त्याचा फायदा इथे दिसतो. भाड्याची दहापट ३,८०,००० रुपये होते, जाहीर किंमत ३,००,०००; म्हणजे १,१०,००० रुपयांचे नुकसान मर्यादेच्या पूर्ण आत आहे. जुन्या वस्तूंची घसारा वजा किंमत धरली जाते, त्यामुळे टीव्हीला नव्याचा दर मिळणार नाही. कपाटाच्या दुरुस्तीचा सुताराकडून लेखी अंदाज घ्या. आजोबांच्या वस्तूची भावनिक किंमत आयोगाला रुपयांत मोजता येत नाही. मानसिक त्रासाबद्दलची रक्कम मात्र वेगळी मागता येते आणि ती मागावी.

त्या ९,००० रुपयांबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण हा प्रकार फार कुटुंबांच्या बाबतीत घडतो. खरा विमा असेल तर विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि आपल्या सामानाचे प्रमाणपत्र असतेच. कंपनीला लेखी विचारा, उत्तरासाठी सात दिवस द्या. विमा उतरवलाच नसेल, तर विम्याच्या नावाने पैसे घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि तक्रारीत ती स्वतंत्र मागणी म्हणून मांडा. विमा खरा निघाला तर विमा कंपनीला ताबडतोब कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत फुटलेल्या वस्तू व खोकी टाकून देऊ नका.

प्रश्न : देवगडहून अहमदाबादला हापूसच्या २०० पेट्या ट्रकने पाठवल्या. भाडे २४,००० रुपये, पाठवणीपत्रावर किंमत ४,८०,०००. ट्रक वाटेत बिघडला, तीन दिवस उभा राहिला. पेट्या पोहोचल्या तेव्हा निम्म्याहून अधिक फळ काळे पडले होते. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो की बिघाड हा दैवाचा भाग आहे आणि आंबा हा नाशवंतच माल. (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : गाडीचा बिघाड ही दैवी आपत्ती नव्हे. भूकंप, अनपेक्षित पूर, वीज कोसळणे यांसारख्या, माणसाच्या हाताबाहेरच्या घटनांना कायदा ते नाव देतो. इंजिन किंवा टायर ही देखभालीची बाब आहे. आंबा नाशवंत आहे हे माहीत असूनच वाहतूकदाराने तो घेतला, आणि मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस उभ्या ट्रकवर पेंढ्यातले फळ काय होईल, हे त्याला कुणी सांगायला नको होते. दुसरी गाडी करून माल पुढे नेणे त्याला शक्य होते का, हा या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे.

विलंबाच्या नुकसानीसाठी मात्र कायद्यात वेगळी तरतूद आहे, ती बागायतदारांना सहसा कुणी सांगत नाही. पाठवणीपत्रात उभयपक्षी मान्य असा विलंबाचा कालावधी लिहिलेला असेल, तर तेवढ्या विलंबापर्यंत वाहतूकदाराची जबाबदारी केवळ भाड्याच्या रकमेइतकी असते. त्या कालावधीपलीकडे उशीर झाला तर दहापटीचा नियम किंवा जास्त जोखमीचा दर भरला असल्यास तो लागू होतो. तेव्हा आपले पाठवणीपत्र काढून पाहा. कालावधीचा रकाना भरलेला नसेल, तर वाजवी वेळेपलीकडच्या सर्व विलंबाला दहापटीचा नियम लागला पाहिजे, असे मला वाटते. म्हणजे कमाल २,४०,००० रुपये. छापील कागदात ‘सात दिवसांपर्यंतचा विलंब मान्य’ असे काही असेल, तर आपला दावा २४,००० रुपयांवर येऊन थांबेल. पुढच्या हंगामात हा रकाना स्वतःच्या हाताने भरा आणि तासांत भरा.

नुकसान सिद्ध कसे करायचे? अहमदाबादच्या आडत्याकडून आलेली हिशोबपट्टी, त्यात खराब पेट्यांची संख्या, उरलेल्या मालाला मिळालेला भाव, आणि त्याच दिवशी त्याच बाजारात चांगल्या हापूसचा भाव असे तीन आकडे एकत्र ठेवा. ट्रकमधून पेट्या उतरवतानाच एलआरच्या, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीच्या, प्रतीवर शेरा मारून घेतला असेल तर पुढचे काम हलके होईल. विम्याच्या भरवशावर असाल तर सावध करतो : मालाच्या वाहतूक विम्यात विलंबामुळे झालेले नुकसान सर्वसाधारणपणे वगळलेले असते, ‘सर्व जोखमी’ असे नाव असलेल्या पॉलिसीतसुद्धा. नोटिशीची १८० दिवसांची मुदत आपल्यालाही लागू आहे, आणि ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयात जायचे ठरवले तर तिथे तीन वर्षांची मुदत आहे.

प्रश्न : आमच्या गटाने न्हावा-शेवा बंदरातून रॉटरडॅमला द्राक्षांचा शीतकंटेनर पाठवला. तिथे मणी मऊ आणि देठ सुकलेले निघाले. आतील तापमान नोंदीच्या यंत्रावर काही दिवस आठ अंश दिसतात. जहाज कंपनी म्हणते की माल गरम असतानाच भरला होता. (द्राक्ष उत्पादकांचा गट, निफाड)

उत्तर : समुद्रमार्गे होणाऱ्या निर्यातीला १९२५ चा कायदा लागू असे, संसदेने २०२५ साली त्याच्या जागी नवा अधिनियम मंजूर केला. आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या मुदती दोन्हींत सारख्याच आहेत. वरून न दिसणारे नुकसान माल मिळाल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचे. ते न कळवल्यास दावा संपत नाही, पण माल चांगला मिळाला असे प्रथमदर्शनी धरले जाते. दावा मात्र एका वर्षाच्या आत दाखल झालाच पाहिजे. बोलणी चालू आहेत म्हणून वर्ष थांबत नाही, आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, परदेशी न्यायालयाची अट असेल तर चुकीच्या न्यायालयात गेलेले महिने परत मिळत नाहीत. मुदतवाढ घ्यायची असेल तर जहाज कंपनीकडून ती लेखी घ्या.

जहाज कंपनीची मर्यादा इथे आपल्याला जाचक नाही. ती दर नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोमागे दोन एसडीआर, यांपैकी जे अधिक असेल तितकी आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक आहे. बिलावर पाच किलोच्या खोक्यांची संख्या लिहिलेली असेल तर प्रत्येक खोके हा स्वतंत्र नग धरला जातो, आणि पाच किलो द्राक्षांची किंमत त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. फक्त ‘एक कंटेनर’ असे लिहिले असेल तर सारा कंटेनर एक नग ठरतो. मग किलोचा हिशोब करावा लागेल.

खरा सामना पुराव्याचा आहे. यंत्रावरील आठ अंश कोणत्या तारखांना दिसतात? कंटेनर बंदराच्या फाटकातून आत गेल्यानंतरचे असतील तर जहाज कंपनीला उत्तर द्यावे लागेल. कंटेनर भरल्यापासूनच पारा चढलेला असेल तर तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्री-कूलिंगच्या, म्हणजे भरण्यापूर्वी माल थंड करण्याच्या, खोलीतील नोंदी आणि भरतेवेळी मण्याच्या आत सुई घालून मोजलेले तापमान यांची नोंदवही जपून ठेवा. रॉटरडॅमला संयुक्त पाहणी झाली का, हेही आयातदाराला विचारा.

दावा कोणाचा, हे विक्रीच्या अटीवर ठरते. एफओबी (जहाजभाडे खरेदीदाराकडे) किंवा सीआयएफ (जहाजभाडे आणि विमा विक्रेत्याकडे) विक्री असेल तर माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते आणि जहाज कंपनीशी त्यानेच भांडायचे असते. परंतु आपल्याकडची बरीच द्राक्षे तिथे पोहोचल्यानंतर मिळेल त्या भावाने, म्हणजे कन्साइनमेंट पद्धतीने, विकली जातात. तसे असेल तर वाटेतली सारी जोखीम गटाचीच राहते, आणि आयातदार गप्प बसला तरी आपण गप्प बसून चालणार नाही.

प्रश्न : पुण्याहून गोरखपूरला मोटारसायकल रेल्वे पार्सलने पाठवली. टाकी चेपली, हँडल वाकले. बुकिंगला पाच महिने होऊन गेले. ग्राहक आयोगात जाऊ का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. रेल्वेने नेलेल्या मालाच्या भरपाईचे दावे रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडेच जातात. महाराष्ट्रात त्याची पीठे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. रस्त्याच्या वाहतुकीपेक्षा इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाप्रमाणे मालकाच्या जोखमीच्या दराने पार्सल पाठवले असेल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन दाखवण्याचे ओझे पाठवणाऱ्यावर येते. म्हणून पावतीवर कोणता दर लावला आहे ते आधी बघा. आणि किंमत जाहीर करून टक्केवारीचे जादा शुल्क भरले नसेल, तर भरपाई वजनावर ठरवलेल्या दरापुरती मर्यादित राहते, गाडी कितीही नवी असली तरी.

न्यायाधिकरणापुढे अर्ज करायला माल सोपवल्यापासून तीन वर्षे आहेत, म्हणून घाई नाही असे कुणी सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नका. कलम १०६ प्रमाणे भरपाईची लेखी मागणी माल सोपवल्यापासून सहा महिन्यांच्या आत रेल्वे प्रशासनाकडे गेली पाहिजे, नाहीतर हक्कच उरत नाही. तोंडी तक्रार, स्थानकावरील वहीतला शेरा यांवर भिस्त ठेवू नका. आपल्या हाती एक महिनाही उरलेला नाही. पार्सल पावतीची प्रत, छायाचित्रे आणि दुरुस्तीचा अंदाज जोडून, नेमकी रक्कम लिहून, मागणीचे पत्र या आठवड्यातच पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा, आणि एक प्रत स्वतः कार्यालयात देऊन तिच्यावर शिक्का घ्या.